आढावसाहेबांचा सीजी

आढावसाहेब आमच्याकडे पहिल्यांदा चहाला आले, तेव्हा चहाच्या आधी त्यांनी माझं लाटणं मागितलं. मला वाटलं, झुरळ दिसलं असेल. दिल्लीच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहणारा माणूस झुरळासाठी लाटणं मागत नाही, सरळ चप्पल काढतो. पण म्हटलं नवीन शेजारी आहेत, असेल एकेकाची पद्धत. दिलं. त्यांनी ते उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर आडवं ठेवलं, जरा इकडे सरकवलं, जरा तिकडे सरकवलं, आणि लाटणं डुलायचं थांबलं तशी बोट होतं तिथे नखानं खूण केली. खूण मधोमध नव्हती, चांगली डावीकडे होती.

"वहिनी," ते गंभीरपणे म्हणाले, "तुमची पोळी एका बाजूला जाड होते का?"

आता होते, त्याला काय करणार? माझ्या सासूबाईंनी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ते जाहीर केलं होतं आणि मोठ्या मुश्किलीनं तो विषय आमच्या घरात बंद झाला होता. पण आमचे हे लगेच पुढे सरसावून म्हणाले, बिल्कुल होते, अगदी बरोबर ओळखलंत. मी लाटणं काढून घेतलं आणि दोघांच्याही चहात साखर घातली नाही. आढावसाहेबांनी तो चहा आनंदानं संपवला. त्यांचं लक्षच नव्हतं. ते बशीखाली बोट घालून बघत होते.

तर हे विजय आढाव. मूळचे नगरचे, नोकरीनं दिल्लीकर, एका मिनिस्ट्रीत सेक्शन ऑफिसर. लक्ष्मीबाई नगरात आम्ही खाली राहायचो आणि ते आमच्या डोक्यावर. घरात दोघंच. मुलगी लग्न होऊन बंगलोरला. बायको शालिनीताई शाळेत गणित शिकवायच्या, आणि घरी आल्यावरही आवाज शाळेचाच ठेवायच्या. साहेबांची उंची बेताची, चष्मा जाड, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी कायम एक पातळ ब्लेड आणि मोजपट्टी. सिक्युरिटीवाले रोज मिनिस्ट्रीच्या गेटवर ब्लेड काढून घ्यायचे आणि संध्याकाळी परत द्यायचे. पुढे पुढे ते सलामासारखंच झालं.

साहेबांना एकच नाद, रेडिओवर चालणारी विमानं. हातात दोन दांड्यांचा डबा धरून जमिनीवरून उडवतात ती. बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाच्या काड्या आणायच्या, त्या चिकटवून सांगाडा करायचा, त्यावर पातळ कागद ताणायचा, पोटात मोटर आणि बॅटरी बसवायची. असं विमान तयार व्हायला महिने लागतात, आणि जमिनीवर आपटून त्याचे दात कोरायच्या काड्यांएवढे तुकडे व्हायला एक क्षण पुरतो. तसं होऊ नये म्हणून उडवण्याआधी बघायचा असतो सीजी. म्हणजे विमानाचा तोल नेमका कुठे आहे ती जागा. तिला गुरुत्वमध्य म्हणतात हे मला शालिनीताईंनी सांगितलं, पण साहेबांच्या तोंडी तो सीजीच.

तो बघायची पद्धत सोपी आहे. मला इतक्या वेळा दाखवली गेली की झोपेतही सांगेन. पंखांच्या खाली, पुढच्या कडेपासून थोडं मागे, दोन्हीकडे पेन्सिलीनं खूण करायची. त्या खुणांना दोन बोटं लावून विमान उचलायचं. नाक किंचित खाली झुकलं तर ठीक. शेपूट खाली गेलं तर ते विमान उडवायचं नाही, कारण ते वर जाऊन तोंड आभाळाकडे करतं, मग कुणाचं ऐकत नाही. अशा वेळी नाकात शिसं भरायचं. साहेबांकडे शिशाचा डबाच होता, मासे पकडायच्या गळाला लावतात त्या गोळ्यांचा. यमुनेत मासा राहिला नाही, पण जुन्या दिल्लीत गळाचं शिसं मिळतं, आणि ते सगळं आमच्या जिन्यानं वर जायचं.

शालिनीताईंचं त्यावरचं मत स्पष्ट होतं. "ह्यांच्या विमानांना नाकात भरायला शिसं आहे," त्या म्हणायच्या, "मला नाकात घालायला चमकी नाही."

वरच्या घरात छताला सगळी विमानं टांगलेली. आत जायचं तर वाकून जायचं, आणि तेही सरळ नाही, जरा डावीकडून. एकदा आमचे हे ताठ मानेनं गेले आणि कपाळावर विमानाचा पंख लागला. साहेब धावत आले, म्हणाले लागलं का हो, आणि तो पंख तपासायला लागले. जूनच्या उकाड्यातही बैठकीतला पंखा लावायचा नाही, कारण वाऱ्यानं विमानं एकमेकांवर आपटतात. शालिनीताई वहीच्या पुठ्ठ्यानं वारा घेत बसायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या की मी विमानतळावर राहते, फक्त इथे एसी नाही.

सीजीची खोड फक्त विमानांपुरती असती तर गोष्ट वेगळी. नाताळात त्यांच्या गॅलरीत कागदी तारा लागायचा. तो एका अंगाला कलतोय असं वाटून साहेबांनी त्याच्या एका टोकाला शालिनीताईंची सेफ्टी पिन लावली, मग दुसऱ्या टोकाला दुसरी, आणि प्रार्थनेला निघालेल्या शालिनीताईंच्या साडीला एकही पिन उरली नाही. आमच्या गणपतीचं मखर तर ते दरवर्षी येऊन हलवून बघायचे. बाप्पाला हात जोडायचे, मग खाली वाकून मखराला एक बोट लावायचे, मान डोलवायचे आणि मग प्रसाद घ्यायचे. आमच्या सासूबाईंना वाटायचं हीच त्यांच्याकडची नमस्काराची रीत. मी कधी दुरुस्त केलं नाही.

माणसांचंही तेच. त्यांच्या लेखी जगात दोन प्रकारची माणसं, एक नाकजड आणि एक शेपूटजड. नाकजड माणूस हळू उठतो, हळू चालतो, पण खाली पडला तरी फार मोडत नाही. त्यांचे डायरेक्टर नाकजड. शेपूटजड माणूस जरा वारा मिळाला की तोंड वर करतो आणि मग कधी कोसळेल याचा भरवसा नाही. आमच्या ह्यांना प्रमोशन मिळालं तेव्हा साहेब पेढा घेता घेता म्हणाले, अभिनंदन, पण आता नाकात थोडं शिसं ठेवा. आमचे हे आठवडाभर त्यांच्याशी बोलत नव्हते. मला ते पटलं होतं. मग एकदा धीर करून मी विचारलं की मी कशात मोडते. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, म्हणाले, "तुमचा सीजी एकदम बरोबर आहे वहिनी. फक्त इंजिनाचा आवाज जास्त आहे."

त्यांच्या मुलीच्या लग्नाची बोलणी चालू असतानाही मुलाच्या वडिलांनी पत्रिकेचा विषय काढला. बंगलोरची माणसं, चर्चला जाणारी असूनही पत्रिकेवर विश्वास. साहेब म्हणाले, पत्रिका असू द्या, दोघांचा सीजी काय म्हणतो ते बघू. समोरच्यांना वाटलं ही कुठली तरी रक्ताची तपासणी आहे. त्यांनी करूनही आणली, बिचाऱ्यांनी.

पण एक गोष्ट कबूल करायला हवी. त्या बोटांना जगात मान होता. रविवारी सकाळी आमच्या गल्लीत गुडगावच्या लांबलचक गाड्या येऊन थांबायच्या. त्यातून परदेशी चष्मे लावलेली पोरं उतरायची, हातात परदेशी विमानं, बूट जिन्याखाली काढायची आणि वर जाऊन म्हणायची, अंकल, ज़रा सीजी देख लो. अंकल बोटं लावायचे, डोळे मिटायचे आणि आपल्या नगरी हिंदीत सांगायचे की बॅटरी थोडा पुढे सरकाव, नहीं तो ये गया तुम्हारा. जो सरकवायचा त्याचं विमान परत यायचं. जो नाही सरकवायचा तो पुढच्या रविवारी पिशवी घेऊन यायचा. पिशवीत तुकडे.

साहेब स्वतःही उडवायचे. दिल्लीत उडवायची बंदी, म्हणून गाझियाबादच्याही पुढे एक मोकळी जमीन होती, जिथे एका बिल्डरनं तेवीस मजल्यांचं चित्र लावलं आणि पहिली वीट रचायच्या आत पळ काढला. चित्राखाली गवत माजलं होतं. तिथे ही मंडळी जमायची. शालिनीताई मात्र एकदाही गेल्या नव्हत्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्याचं एकही विमान आभाळात बघितलेलं नाही, आणि हे त्या तावातावानं सांगायच्या. मी त्यांच्यावरची धूळ पुसते, त्यांच्याखालून वाकून जाते, उन्हाळ्यात पंखा लावत नाही. आता उन्हात उभं राहून टाळ्याही वाजवू? ते जमायचं नाही. साहेबांनी सुरुवातीला दोन-तीनदा विचारलं असेल. मग विचारायचं सोडून दिलं. रविवारी सकाळी डबा घेऊन एकटेच निघायचे.

मग शालिनीताईंच्या हातून चहात मीठ पडायला लागलं. आधी आम्ही हसलो. त्यांना बाजूनं येणारा माणूस दिसेना, दाराची चौकट खांद्याला लागायला लागली, आणि एकदा शाळेतून येताना त्या उभ्या रिक्षावर जाऊन आदळल्या. रिक्षावाल्याशी भांडून घरी आल्या. मोठ्या हॉस्पिटलात दाखवलं तर काचबिंदू निघाला, आणि बराच पुढे गेलेला. औषध होतं, ऑपरेशनही झालं, पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गेलेली नजर परत यायची नाही, राहिलेली किती दिवस राहील तेही सांगता येत नाही. मी विचारलं, तुम्हाला नेमकं दिसतं तरी कसं. त्या म्हणाल्या, वहीचं पान गुंडाळून नळी केली आणि नळीतून बघितलं तर दिसेल तसं. नळीच्या समोर आलं तर दिसतं. बाजूला झालं की नाही. आणि नळी बारीक होत चालली आहे.

मी रडवेली झाले. त्यांनी मलाच दटावलं. म्हणाल्या, तू नीट मेथी निवड, त्यात गवत आहे, मला नाही दिसलं तरी तुला दिसलं पाहिजे.

त्याच मेथीच्या वेळी थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "मंगल, मला एकदा ह्यांचं विमान उडताना बघायचंय ग. दिसतंय तोवर." मी वर बघितलं. त्या जुडी सोडवत होत्या. "साहेबांना सांगू नकोस. डोक्यावर चढून बसतील."

मी अर्थातच त्याच संध्याकाळी सांगितलं. जिन्यातच गाठून सांगितलं. मला वाटलं, आनंदानं उडी मारतील. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि वर गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी छतावरून सगळ्यात मोठं विमान उतरवलं. ते अजून कधीच उडालं नव्हतं. पंख एवढे लांब की पलंगावर ठेवलं तर दोघांना झोपायला जागा नाही. रंग शुभ्र पांढरा, कडेला एक निळी रेघ. फार देखणं होतं. तेवढं तरी मला कळतं.

म्हटलं चला, येत्या रविवारी जाऊ. आमच्या ह्यांनी गाडीत हवा भरून आणली. रविवारी सकाळी साहेब खाली आले आणि म्हणाले, सीजी सरकला, पुढच्या रविवारी. पुढच्या रविवारीही सरकला. दिवाळी गेली, तरी सीजी जागेवर येईना. मग धुकं आलं, त्याला कुणाचा इलाज नाही. पण धुकं नसलेल्या रविवारीही साहेबांचं तेच. ज्या माणसाची बोटं गुडगावच्या पोरांची विमानं मिनिटात जागेवर आणायची, त्याला स्वतःच्या विमानाचा तोल सापडत नव्हता.

वर त्यांचे दुसरेच चाळे सुरू झाले होते. संध्याकाळी ऑफिसातून आले की क्वार्टरसमोरच्या पार्कात जायचे. शालिनीताईंना ह्या टोकाला बाकावर बसवायचे आणि स्वतः त्या टोकाला जाऊन एकेक रंगवलेला पुठ्ठा डोक्यावर धरून उभे राहायचे. कोणता, म्हणून ओरडायचे. इकडून शालिनीताई ओरडायच्या, हिरवा. मग तो पुठ्ठा टाकून दुसरा. कॉलनीतल्या एका काकांना वाटलं सरकारनं नवीन ओळखपत्रासाठी काहीतरी सुरू केलंय, ते आधार कार्ड घेऊन रांगेत येऊन उभे राहिले. मला वाटलं डोळ्यांच्या डॉक्टरांनी हा व्यायाम दिला असेल. शालिनीताईंनाही तसंच वाटत होतं. त्या वैतागून म्हणायच्या, नारिंगी दिसला, पिवळा दिसला, आता घरी चला, कुकर लावायचाय.

जानेवारी सरत आला आणि एक दिवस शालिनीताईंनी माझ्याशी बोलता बोलता माझ्या खांद्याच्या पलीकडे बघितलं. मी तिथे नव्हते. म्हणजे होते, पण नळीच्या बाहेर होते. मी घरी आले, पदर खोचला आणि साहेबांना पुन्हा जिन्यात गाठलं. त्या दिवशी माझ्या तोंडाचा पट्टा जो सुटला तो सुटलाच. म्हटलं, तुमची बायको आंधळी होत चालली आहे. तिनं आयुष्यात तुमच्याकडे दुसरं काही मागितलेलं मी तरी ऐकलं नाही. आणि तुम्ही बोटावर विमान नाचवत बसलाय. बिघडला थोडा तोल तर काय आभाळ कोसळणार आहे?

त्यांच्या हातात ब्रश होता, त्याला नारिंगी रंग लागलेला.

"वहिनी," ते म्हणाले, "पांढरं तिला दिसत नाही. दिल्लीचं आभाळही पांढरंच असतं. म्हणून रंग देतो. नारिंगी दिसतो तिला, पण शेपटावर द्यावा लागतो, तिथलं पातं उभं आणि रुंद आहे, समोरून जाताना तेच दिसतं. शेपटावर थोडा जरी रंग चढला तरी शेपूट खाली जातं. मग नाकात शिसं घालतो. शिसं घातलं की विमान जड होतं. जड विमान जोरात उडवावं लागतं, नाहीतर पडतं." त्यांनी ब्रशाकडे बघितलं. "आणि जोरात गेलं तर तिला कसं दिसणार? तिच्यासमोरून सावकाश जायला पाहिजे ना."

मी एवढंच म्हटलं की रंग पातळ करून लावा. ते म्हणाले, पातळ केला की तिला पिवळा वाटतो आणि लांबून पिवळा दिसेनासा होतो. हे सगळं त्यांनी पार्कात उभं राहून काढलं होतं. मग ते वर गेले आणि मी जिन्यातच होते. आमचे हे आले, त्यांनी विचारलं काय झालं, तर मी त्यांच्यावरच ओरडले.

फेब्रुवारीत दिल्लीला चार दिवस असे मिळतात की आभाळ खरंच निळं असतं. त्यातला एक रविवार आला. मंगळवारी शालिनीताई डॉक्टरांकडे जाऊन आल्या होत्या. काय सांगितलं ते त्या बोलल्या नाहीत आणि आम्ही विचारलं नाही. शनिवारी रात्री त्यांनीच जाहीर केलं की उद्या जायचं. साहेब म्हणाले, उद्या प्रभुभोजन आहे, चर्चला जायला हवं. त्यावर त्या म्हणाल्या, "देवाला सगळं दिसतं, तो समजून घेईल. मला दिसतंय तोवर मला जाऊ दे."

आमच्या जुन्या मारुतीत आम्ही चौघं निघालो. विमानाचे पंख सुटे करून मागे माझ्या आणि साहेबांच्या मांडीवर, आणि धड पुढे शालिनीताईंच्या मांडीवर, शेपूट खिडकीबाहेर. सगळ्या रस्ताभर बाजूच्या गाड्यांतली माणसं हात करत होती. शालिनीताईंना ती दिसत नव्हती, म्हणून मी सांगत होते आणि त्या लाडावलेल्या राणीसारख्या नुसत्या मानेनं दाद देत होत्या. आमचे हे खड्डा आला की खड्डा म्हणून आधी ओरडायचे आणि मग त्यातूनच गाडी घालायचे.

मैदानावर त्या दिवशी आम्हीच. शालिनीताईंना घडीच्या खुर्चीत बसवलं. वारा मंद होता. साहेबांनी पंख जोडले, बॅटरी बसवली, पेन्सिलीच्या खुणांना बोटं लावली आणि विमान उचललं.

शेपूट खाली गेलं.

मला दिसलं, आमच्या ह्यांनाही दिसलं. पहाटे त्यांनी नारिंगीचा आणखी एक हात दिला होता, त्याचा वास गाडीभर येत होता. त्यांनी विमान खाली ठेवलं, झाकण उघडलं. बॅटरी आधीच नाकाला टेकलेली, पुढे जायला जागा नाही. शिशाची डबी हातात घेतली. आता ते म्हणणार, पुढच्या रविवारी, असं मला वाटलं, आणि खरं सांगते, मला तेव्हा त्यांचा रागही आला नसता. असं विमान कुणी आणलं असतं तर त्यांनी ते उडवू दिलं नसतं. गुडगावच्या पोरांना त्यांनी याच्यासाठी परत पाठवलं होतं.

शालिनीताई खुर्चीतून म्हणाल्या, "काय हो, सीजी काय म्हणतो?"

त्यांनी डबी बंद केली. "बरोबर आहे," म्हणाले. "चलो."

मी आमच्या ह्यांचा हात धरला. लग्नानंतर सार्वजनिक ठिकाणी बहुधा पहिल्यांदाच.

विमान गवतातून धावलं, उचललं गेलं आणि लगेच नाक वर करून तसंच चढायला लागलं. साहेबांच्या कपाळावर घाम आला. बोटं त्या दोन दांड्यांवर सारखी हलत होती, इतकी बारीक की बाहेरून काही चाललंय असं वाटू नये. विमान एकदा थांबल्यासारखं झालं, मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ते अजून वरच होतं, आमच्या डोक्यावरून मागे गेलं होतं आणि तिथे घिरटी घेत होतं. बॅटरीवरचं विमान, वर गेल्यावर आवाज जवळजवळ नाहीच. मोठं पांढरं पोट आणि मागे नारिंगी शेपूट. सुंदर दिसत होतं.

"शालू, दिसतंय का?" साहेबांनी नजर न काढता विचारलं.

"दिसतंय तर," शालिनीताई म्हणाल्या. "ते काय तिथे."

त्यांनी हात वर करून समोर बोट दाखवलं होतं, विजेच्या खांबांच्या वरती. तिथे काहीच नव्हतं. नुसतं निळं आभाळ. विमान आमच्या पाठीमागे होतं. शालिनीताईंचा चेहरा हसरा होता, आणि बोट अगदी ठाम होतं, फळ्यावरचं उत्तर दाखवावं तसं. मी वळून सांगणार होते की ताई, इकडे, मागे बघा. आमच्या ह्यांनी माझा हात दाबला.

साहेबांनी क्षणभर विमानावरून नजर काढली आणि त्या बोटाकडे बघितलं. पुन्हा वर बघितलं आणि दांडी हलवली. विमान वळलं. मोठा फेरा घेऊन ते आमच्या डोक्यावरून पुढे आलं, खाली आलं, आणखी खाली, इतकं की मला खांबांची भीती वाटली. मग त्यांनी त्याचा वेग काढून टाकला. आता ते पडायला हवं होतं. ते पडलं नाही. डुलत, नाक वर, शेपूट लोंबवत, सावकाश सावकाश ते खांबांच्या वरच्या निळ्या जागेत शिरलं आणि शालिनीताईंच्या बोटासमोर आलं.

त्यांचं हसू गेलं. त्या खुर्चीत पुढे सरकल्या. तोंड थोडं उघडं राहिलं होतं आणि बोट आता हळूहळू विमानाबरोबर सरकत होतं.

"अहो," त्या म्हणाल्या, "शेपूट खाली आहे हो त्याचं."

"आहे," आढावसाहेब म्हणाले. "तू बघत राहा."

आणि विमान वळवून त्यांनी ते पुन्हा तिथेच आणलं.